टीव्ही पत्रकारितेचा तीन महिन्यांचा वर्ग: कोल्हापुरातील एका प्रशिक्षणसेवेचे परीक्षण

राजारामपुरीत शनिवार-रविवारी भरणाऱ्या टीव्ही पत्रकारितेच्या तीन महिन्यांच्या वर्गाचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव देण्याचे टाळले आहे, कारण याच धर्तीचे वर्ग आता जिल्ह्याच्या गावी ठिकठिकाणी निघाले असून येथे नोंदवलेले बरे-वाईट मुद्दे त्यांतील बहुतेकांना कमीअधिक प्रमाणात लागू पडावेत. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. आमच्या कार्यालयाने व्हिडिओ विभाग सुरू केला तेव्हा कॅमेऱ्यासमोरच्या बातमीचे व्याकरण निदान ओळखीचे असावे, एवढ्याच हेतूने मी स्वतःच्या खिशातून फी भरून या वर्गाला बसले. मत आधीच सांगून टाकते: ज्यांना बातमीदार व्हायचे आहे त्यांनी हा वर्ग जरूर करावा, ज्यांना निवेदक व्हायचे आहे त्यांनी पैसे वाचवावेत.

अडचण अशी की वर्गाची जाहिरात नेमकी दुसऱ्या गटासाठी केलेली आहे. फलकावर झगझगीत दिव्यांखाली बसलेला कोट घातलेला तरुण आहे, त्याच्यामागे काचेची इमारत आहे आणि खाली ‘तुमचा चेहरा, तुमची ओळख’ असे लिहिले आहे. साहजिकच आमच्या तुकडीतील निम्म्याहून अधिक मुलामुलींना स्टुडिओत बसून बातम्या वाचायच्या होत्या. यात त्यांचा दोष नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हापासून महाराष्ट्राने टीव्हीवरची बातमी चेहऱ्यानेच ओळखली आहे; स्मिता पाटील, भक्ती बर्वे यांच्यासारख्यांना घराघरांत लोकांनी आधी बातम्या वाचताना पाहिले. बातमी वाचणारा आणि बातमी आणणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असतात, हे प्रेक्षकाच्या लक्षात यायला चोवीस तासांच्या वाहिन्या याव्या लागल्या, आणि त्या मराठीत आल्या २००७ पासून. ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ त्याच वर्षी सुरू झाल्या, पुढच्या वर्षी ‘आयबीएन लोकमत’ आली, त्यापाठोपाठ इतर आल्या. ‘स्टार माझा’चे २०१२ मध्ये ‘एबीपी माझा’ झाले. प्रत्येक वाहिनीला प्रत्येक जिल्ह्यात माणूस हवा होता. कोल्हापुरातली टीव्ही पत्रकारांची एक अख्खी पिढी त्या दोन-तीन वर्षांत घडली.

त्या पिढीतले एक ज्येष्ठ जिल्हा प्रतिनिधी या वर्गात शिकवतात आणि हा वर्ग विकत घेण्यासारखा आहे तो मुख्यतः त्यांच्यामुळे. सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, मीही तेच म्हणते. वेळापत्रकात त्यांच्या तासांना ‘प्रत्यक्ष अनुभव’ असे मोघम नाव दिले आहे, त्यामुळे पहिल्या आठवड्यात काही मुले ते तास बुडवून मेकअपच्या प्रात्यक्षिकाला गेली. त्यांनी काय गमावले ते पुढे येईलच.

सरांनी स्वतःची कारकीर्द सांगितली ती गौरवगाथा म्हणून नव्हे, तर बातमी कोल्हापुरातून मुंबईला कशी जाते याचा इतिहास म्हणून. सुरुवात स्थानिक केबलवरच्या बातमीपत्रातली: संध्याकाळी बातम्या रेकॉर्ड करायच्या, कॅसेटच्या प्रती काढायच्या आणि मोटारसायकलवरून वेगवेगळ्या पेठांतल्या केबलचालकांकडे पोहोचवायच्या. २००५ च्या पुरात बाहेरच्या वाहिन्यांना दृश्ये हवी होती, तेव्हा त्यांचे पहिले चित्रण जिल्ह्याबाहेर गेले. मग आली मिनी डीव्ही टेपची वर्षे. एक टेप साठ मिनिटांची. दिवसभराचे चित्रण, सोबत हाताने लिहिलेला मजकूर, बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर कोणी बोललेला तुकडा, कोणाचा आणि टेपवर कितव्या मिनिटाला आहे याची चिठ्ठी, हे सगळे एका पाकिटात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या चालकाकडे द्यायचे आणि गाडीचा नंबर मुंबईला फोनवर कळवायचा. सरांनी जुनी पाकिटे जपून ठेवली आहेत आणि ती वर्गात फिरवली. त्यातल्या एका चिठ्ठीवर ‘७ मि. २० से. – सरपंच, पहिले वाक्य सोडून द्या, खोकला आहे’ असे लिहिलेले होते. संपादनाचा अर्धा धडा त्या एका ओळीत मिळाला, कारण दूरच्या संपादकाला काय दिसणार आहे आणि काय दिसणार नाही याचा विचार बातमीदाराने आधीच केलेला होता.

टेप गेल्या, मग इंटरनेट कॅफेत बसून तासन् तास फाइल चढवण्याचे दिवस आले, मग मोठ्या घटनेला पुण्याहून येणारी थेट प्रक्षेपणाची गाडी, म्हणजे ओबी व्हॅन, मग एकाच वेळी अनेक सिमकार्डांवरून चित्र पाठवणारी पाठीवरची बॅग आणि आता फोन. प्रत्येक टप्प्यावर वेळ कमी झाला आणि त्याबरोबर पडताळणीला मिळणारी सवडही आटली, हा सरांच्या मांडणीचा गाभा होता. टेप गाडीत असायची तेव्हा रात्री अकराला कळलेली दुरुस्ती फोनवर सांगता यायची; आता बातमीदार घटनास्थळी उतरतो तेव्हा कानात निवेदकाचा प्रश्न आलेलाच असतो. तरीही माणूस चुकीचे बोलणार नाही अशी सवय कशी लावायची, यासाठी ते जे शिकवतात ते मला सर्वांत मोलाचे वाटले.

वहीच्या पानाचे तीन रकाने करायचे: मी पाहिले, जबाबदार माणसाने नावानिशी सांगितले, आणि ऐकले. थेट प्रक्षेपणात पहिल्या दोन रकान्यांतलेच बोलायचे, आणि दुसऱ्या रकान्यातले बोलताना कोणी आणि किती वाजता सांगितले ते जोडल्याशिवाय वाक्य संपवायचे नाही. उदाहरण म्हणून त्यांनी ऑगस्ट २०१९ चा महापूर घेतला. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली. अशा वेळी मृतांचा आकडा प्रत्येक फोनगणिक बदलतो, कारण पाण्यातून कोणी बाहेर आले आणि कोणी नाही हे काठावरच्या माणसालाही त्या क्षणी ठाऊक नसते. सरांनी त्या दिवसाच्या घटनाक्रमावर एक सराव तयार केला आहे: विद्यार्थ्याला दर पाच मिनिटांनी एक चिठ्ठी मिळते, कधी गावकऱ्याची, कधी नियंत्रण कक्षाची, कधी दुसऱ्या वाहिनीवर दिसलेल्या पट्टीची, आणि त्याने प्रत्येक वेळी तीस सेकंद बोलायचे असते. दुसऱ्या वाहिनीची पट्टी कोणत्या रकान्यात जाते, यावर वर्गात बराच वाद झाला. सरांनी ती तिसऱ्या रकान्यात टाकली आणि विषय संपवला.

पुराच्या वार्तांकनावरचा दुसरा तास त्याहून नेमका होता. पंचगंगेची पातळी मोजली जाते ती राजाराम बंधाऱ्याजवळ; तिथे ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानली जाते. कॅमेरे मात्र पंचगंगा घाटावर जातात, कारण तिथली मंदिरे पाण्यात गेलेली दिसतात आणि ते दृश्य प्रभावी असते. घाटावरची मंदिरे तर दर पावसाळ्यात पाण्यात जातात. त्यामुळे केवळ ते दृश्य दाखवून ‘कोल्हापूर पाण्यात’ असे म्हटले, की पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुले घाबरून घरी फोन करतात आणि इकडे आई शांतपणे स्वयंपाक करत असते. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, आंबेवाडी-चिखलीकडची माणसे बोटीतून काढावी लागली. तो पूर आणि नेहमीचा पूर यांत फरक सांगायचा असेल तर बातमीदाराच्या तोंडी फूट आणि इंच असले पाहिजेत, ‘रौद्ररूप’ नव्हे. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांचेही तसेच. ते पाणी ठराविक पातळीला गेले की आपोआप उघडतात. ‘प्रशासनाने दरवाजे उघडले’ असे वाक्य म्हणणाऱ्याने धरण पाहिलेले नाही एवढे त्यातून कळते.

एका मुलीने विचारले, “सर, एवढी वर्षं झाली, तुम्ही मुंबईला का गेला नाही?”

“गेलो होतो की. काही महिने डेस्कवर होतो. गावाकडनं बातमी आली की खरी का खोटी, ते फोनवरनं ठरवायला लागायचं. पटंना. परत आलो.”

एवढेच उत्तर. त्यानंतर त्यांनी जिल्हा प्रतिनिधीचा दिवस कसा जातो ते सांगितले. पावसाळ्यात सकाळी सहाला धरणांचे आकडे, नऊच्या सुमारास बातमीदारांना कामे वाटून देणाऱ्या असाइनमेंट डेस्कचा फोन, मग आंदोलन, पत्रकार परिषद, अपघात यांतले जे असेल ते, दुपारी मजकूर आणि फाइल, संध्याकाळी आणखी एक ‘फोनो’ म्हणजे फोनवरून थेट दिलेली बातमी, आणि रात्री पोलीस ठाण्याचा फोन आला तर पुन्हा गाडीला किक. सणवार घरी नाही: नवरात्र अंबाबाईच्या दारात, चैत्र यात्रा गुलालात न्हालेल्या जोतिबाच्या डोंगरावर, दिवाळीच्या आसपास ऊसदराचे आंदोलन. यातले पुष्कळजण स्ट्रिंगर असतात, म्हणजे पगार नाही, बातमी लागली तर तिचे पैसे. पेट्रोल आणि फोन स्वतःचे. मुंबईत मोठी घटना घडली की जिल्ह्यांच्या बातम्या गळतात आणि त्या महिन्याची कमाईही गळते. पंचविशीत हे चालते, लग्न झाल्यावर घरातले विचारू लागतात, म्हणून अनेकजण जोडीला लग्नसमारंभांचे चित्रण किंवा जाहिरातींचे काम धरतात आणि तिथेच बातमीदाराच्या स्वातंत्र्याला गाठ बसते, कारण ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याच कारखान्याबद्दल उद्या बातमी द्यायची असते. हे सारे सरांनी सरळ सांगितले. त्यांच्या या तासानंतर दोघांनी वर्ग सोडला, असे कानावर आले. संस्थेला ते रुचले नसेल. मला मात्र फी वसूल झाल्यासारखे वाटले.

प्रात्यक्षिकांपैकी कॅमेरा आणि आवाज यांचा भाग उत्तम आहे. तो एक अनुभवी कॅमेरामन शिकवतात, ज्यांना मुले ‘दादा’ म्हणतात. घाटावर नेऊन त्यांनी पहिल्या दिवशी कोणाला बोलू दिले नाही; नुसते शॉट घ्यायला लावले. दूरचा, मधला, जवळचा, हातांचा, चेहऱ्याचा. “शॉट धर आणि मनात दहा मोज. आठला हललास तर एडिटरला सहाच मिळतात.” पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स घेणे, सूर्य पाठीशी ठेवणे, माणूस ज्या दिशेला पाहतो त्या बाजूला चौकटीत जागा सोडणे या गोष्टी पुस्तकातही मिळतात. पुस्तकात न मिळणारी गोष्ट म्हणजे आवाजाबद्दलचा त्यांचा धाक. चित्र थोडे हलले तरी बातमी लागते, बाइटचा आवाज फाटला तर लागत नाही. क्लिपचा माइक सिल्कच्या साडीवर किंवा खादीच्या कडक जाकिटावर लावला तर प्रत्येक श्वासाला खरखर येते. नदीकाठी वाऱ्याला अडवणारे फरचे टोपण नसेल तर नुसता घोंघाट मिळतो. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली तर नेत्याने अचानक आवाज चढवला तरी तो फाटत नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेसारख्या सभेत कर्ण्यासमोर उभे राहून भाषण घेऊ नये, ध्वनिक्षेपकवाल्याला विनंती करून त्याच्या यंत्रातून तार घ्यावी, आणि त्यासाठी सभा सुरू होण्यापूर्वी तासभर जाऊन त्या माणसाबरोबर चहा प्यावा, असे दादांचे म्हणणे.

कानातल्या इअरपीसचा सरावही त्यांनीच घेतला. थेट प्रक्षेपणात मुंबईचा प्रश्न काही सेकंद उशिरा पोहोचतो आणि आपले उत्तर तितक्याच उशिराने परत जाते. त्यात चुकून स्वतःचाच आवाज कानात परत आला तर चांगला बोलणारा माणूसही दुसऱ्या वाक्याला अडखळतो. म्हणून स्टुडिओकडून येणाऱ्या आवाजातून बातमीदाराचा आवाज वगळलेला असावा लागतो. दादांनी मुद्दाम तो वगळला नाही आणि एकेकाला बोलायला लावले. अत्यंत आत्मविश्वासाने बोलणारा इचलकरंजीचा एक तरुण, ज्याची स्वतःची यूट्यूब वाहिनी आहे, तोंडातल्या तोंडात विरघळला. त्यानंतर त्याने इअरपीस कानातून काढून बोलण्याची युक्ती आपणहून शोधली, तेव्हा दादा हसले. अडचणीच्या वेळी बाहेरही हाच उपाय करतात म्हणे.

लेखनाचा भाग मध्यम आहे, पण त्यातला एक तास माझ्यासारख्या छापील मजकुरात मुरलेल्या माणसाला झणझणीत वाटला. ‘करण्यात येणार असल्याचे सांगण्यात आले’ हे आमच्या वृत्तपत्री मराठीचे लाडके शेपूट. टीव्हीवर ते म्हणायला जवळजवळ तीन सेकंद जातात आणि कोण करणार, कोणी सांगितले हे दोन्ही प्रश्न तसेच राहतात. सव्वा मिनिटाच्या पॅकेजमध्ये, म्हणजे दृश्ये, बाइट आणि निवेदन जोडून तयार केलेल्या बातमीत, असली चार शेपटे आली की बातमीसाठी जागाच उरत नाही. आकडे कानाला झेपतील असे सांगावेत, वाक्यात एकच आकडा असावा, बाइटमध्ये जे येणार आहे ते आधीच्या निवेदनात सांगून टाकू नये, या सूचना साध्या आहेत आणि पाळायला अवघड. उच्चारांना मात्र एकच तास दिला आहे आणि तो अपुरा आहे. ‘हातकणंगले’, ‘गडहिंग्लज’ ही नावे मुंबईच्या स्टुडिओत दररोज मोडली जातात. ती निदान कोल्हापूरच्या वर्गात तरी घोटून घ्यायला हवी होती. शेतकऱ्याचा बाइट त्याच्याच बोलीत ठेवावा, त्याला ‘शुद्ध बोला’ म्हणून दुसऱ्यांदा बोलायला लावू नये, या मुद्द्यावर शिक्षकांचे आपसांत एकमत नव्हते. माझे मत बोलीच्या बाजूने आहे. दुसऱ्यांदा बोलताना माणूस शुद्ध बोलतो, पण राग गमावतो.

किरणोत्सवाचा सराव हा वर्गाचा सर्वांत देखणा भाग. अंबाबाईच्या मंदिरात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. परंपरेने पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले, हवेत धूळ दाटली किंवा वाटेतल्या बांधकामांचा अडथळा झाला तर ती मध्येच विरतात. म्हणजे वेळ ठाऊक, क्रम ठाऊक, पण घडेलच असे नाही. आम्हाला आदल्या दिवशी मजकूर लिहायला सांगितला आणि बहुतेकांनी किरणे मुखापर्यंत पोहोचवूनच मजकूर संपवला. मग सरांनी मागच्या काही वर्षांची चित्रणे आवाज बंद करून दाखवली आणि समोर दिसेल तेवढेच बोलायला लावले. एका चित्रणात किरणे गुडघ्यांजवळ थांबली आणि लिहून आणलेला मजकूर घडाघडा म्हणणारे पाचजण तोंडघशी पडले. प्रत्यक्ष मंदिरात वर्गाला नेले नाही, ते योग्यच झाले. तिथे त्या वेळी भाविकांनाच उभे राहायला जागा नसते.

न्यायालयीन वार्तांकनाचा तास नव्याने घातला आहे आणि तो वेळेवर आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे येथे येऊ लागली. ज्या शहरात बेंचसाठीची आंदोलने टिपण्यात बातमीदारांची उमेदीची वर्षे गेली, तिथे आता बेंचमध्ये काय चालते ते समजून सांगणारे फार थोडे आहेत. एका वकिलांनी हा तास घेतला. न्यायमूर्तींनी सुनावणीत तोंडी काढलेले उद्गार म्हणजे आदेश नव्हे. ‘नोटीस काढली’ म्हणजे ‘दणका दिला’ नव्हे. अंतरिम स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. फाटकाबाहेर उभा असलेला वकील आपल्या अशिलाच्या बाजूनेच बोलणार, म्हणून दुसऱ्या बाजूच्या वकिलाला गाठल्याशिवाय कॅमेरा बंद करू नये. असे आणखी दोन तास हवे होते.

कायद्याचा उरलेला सगळा विषय एका तासात आटोपला, हा मोठा दोष आहे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सोच्या कलम २३ ने मनाई आहे, एवढे सांगून झाले. परंतु चेहरा धूसर करून घर, गल्ली आणि शाळेची पाटी दाखवली तर ओळख उघड होतेच, हे दृश्यासह दाखवायला हवे होते. लहान गावात तर आडनावही लागत नाही. पत्रकारांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा उल्लेखापुरता आला. नोकरीविषयक कायद्यांचेही तेच झाले. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांपुरता होता, टीव्हीचे पत्रकार त्याच्या बाहेर होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील पत्रकारांचाही समावेश आहे. याचा स्ट्रिंगरला प्रत्यक्षात काय उपयोग, असे एका विद्यार्थ्याने विचारले तेव्हा व्याख्याते घड्याळाकडे पाहू लागले.

कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावरील हल्ल्याच्या वार्तांकनाचा तासही याच भागात बसवला होता आणि तो मात्र पुन्हा सरांनी घेतला. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी गोळीबार झाला, २० फेब्रुवारीला मुंबईत त्यांचे निधन झाले. मधल्या दिवसांत रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या बातमीदाराने काय बोलावे? डॉक्टरांनी अधिकृत निवेदनात सांगितले तेवढेच, आणि दोन निवेदनांच्या मधल्या काळात ‘नवीन माहिती नाही’ असे सांगण्याची तयारी ठेवावी. हे वाक्य कॅमेऱ्यासमोर म्हणण्याचा सराव आमच्याकडून करून घेतला. वाटते तितके ते सोपे नाही. तीस सेकंद भरायचे असतात आणि सांगायला काही नसते, तेव्हा जीभ आपोआप ‘सूत्रांच्या माहितीनुसार’कडे वळते.

आता निवेदनाच्या भागाविषयी. हा वर्गाचा सर्वांत दुबळा आणि सर्वाधिक वेळ खाणारा भाग आहे. स्टुडिओ म्हणजे हिरवे कापड लावलेली खोली. वातानुकूलन यंत्र चालू ठेवले तर त्याची घरघर रेकॉर्ड होते आणि बंद केले तर मेकअप ओघळतो. टेलिप्रॉम्प्टर एकच असून त्यावरची अक्षरे जोडाक्षरांपाशी तुटतात. चर्चेच्या कार्यक्रमाचा सराव म्हणून चार विद्यार्थ्यांना चार पक्षांचे प्रवक्ते बनवून एकाच वेळी बोलू दिले जाते आणि सूत्रसंचालकाने त्यांच्यावर आवाज चढवायचा असतो. प्रशिक्षकाने ‘टीआरपीला हेच लागते’ असे सांगितले. ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या काळात टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणेच थांबवले होते, तरीही त्या दीड वर्षात पडद्यावरचा आरडाओरडा कमी झालेला मला काही आठवत नाही. भागाच्या शेवटी छायाचित्रकार बोलावून प्रत्येकाचा कोट घालून फोटो काढला जातो आणि त्याचे पैसे वेगळे घेतले जातात.

व्यवहाराच्या गोष्टी. फी १८ हजार रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१ हजार २४० रुपये. कॅमेरे दोन आणि संपादनासाठी संगणक चार, त्यामुळे तुकडी मोठी असली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी वेळ येतो. मोबाइलवर संपादन शिकवले जाते ते उपयोगी आहे, कारण बाहेर तेच करावे लागते. प्रमाणपत्र संस्थेचे आहे, विद्यापीठाचे नाही. ज्यांना रीतसर पदवी हवी आहे त्यांनी शिवाजी विद्यापीठाचा रस्ता धरावा. ‘प्लेसमेंट सहाय्य’ म्हणजे एक व्हॉट्सॲप गट, ज्यावर नोकरीच्या जाहिराती पुढे पाठवल्या जातात. आमच्या तुकडीतल्या एका मुलीला स्थानिक वाहिनीत काम मिळाले, पण ते दादांनी शब्द टाकल्यामुळे. संस्थेने तिचा फोटो फलकावर लावला आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी चौकशी करायची ती तीन गोष्टींची: ज्येष्ठ प्रतिनिधींचे तास या तुकडीला आहेत का, बाहेरची प्रात्यक्षिके किती, आणि मध्येच सोडल्यास फी परत मिळते का. तिसऱ्याचे उत्तर दुसऱ्या आठवड्यानंतर ‘नाही’ असे आहे. माझी तुकडी नोव्हेंबर ते जानेवारीची होती, त्यामुळे पुराचे सगळे धडे कोरड्या घाटावर, दगडांवरच्या जुन्या पाण्याच्या खुणा पाहत झाले. शक्य असेल त्यांनी जूनची तुकडी निवडावी. त्या तुकडीला सर राजाराम बंधाऱ्यावर नेऊन पातळीची पट्टी स्वतः वाचायला लावतात. मे महिन्यात नाव नोंदवणाऱ्यांना फीचे दोन हप्ते करून मिळतात, मात्र मागितल्याशिवाय ते कोणी सांगत नाही.